युनिफॉर्म बाल्कनीत, बांगड्या बाळापाशी

पत्र

मॅडम, नमस्कार.

मी नाशिकमधल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये मेडिकल वॉर्डला स्टाफ नर्स आहे. मुलगा ११ महिन्यांचा. तीन महिन्यांपूर्वी परत ड्युटी सुरू केली. हॉस्पिटलमध्ये कपडे बदलायला जागा नाही. युनिफॉर्म दोनच मिळालेत आणि ते घरीच धुवायचे. त्यामुळे युनिफॉर्मवरच शालिमारहून बस पकडून सिडकोला येते. बसमध्ये लोक बघतात ते वेगळंच.

घरी आले की सासूबाई बाळाला आतल्या खोलीत नेतात. मी मागच्या बाल्कनीतून आत जायचं, डोक्यावरून अंघोळ करायची, युनिफॉर्म अँटिसेप्टिकच्या बादलीत रात्रभर भिजत घालायचा. बाळ तिकडे दुधासाठी रडत असतं. वॉर्डात टीबीचे पेशंट असतात हे त्यांना कळल्यापासून जास्तच झालंय. सध्याच्या पावसात माझे केस रात्रभर वाळत नाहीत. मिस्टर म्हणतात, आई अती करते, पण तिला कोण सांगणार?

उलट हॉस्पिटलमध्ये आमच्या इन्चार्ज सिस्टर हातात काही घालू देत नाहीत. सासूबाई म्हणतात, सवाष्णीने भुंडे हात ठेवू नयेत. म्हणून मी काचेच्या चार-चार बांगड्या ठेवल्यात, त्या अंघोळीलाही काढत नाही. दोन्हीकडची बोलणी खाते. नक्की बरोबर कोण?

– एक परिचारिका, सिडको

उत्तर

तुला 'तू'च म्हणते, माझ्या स्टुडंट्सच्या वयाची आहेस.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुझ्या सासूबाईंचा राग आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा वाचताना 'अंघोळीलाही काढत नाही' या तीन शब्दांपाशी थांबले. म्हणजे बघ, युनिफॉर्मला घरात प्रवेश नाही, तुझ्या केसांना नाही, चपलांना तर नाहीच. आणि दिवसभर वॉर्डात फिरलेल्या आठ बांगड्या मात्र उंबरठा ओलांडून सरळ बाळाच्या मानेखाली जातात!

नोकरीची शेवटची काही वर्षं मी संसर्ग नियंत्रणाचं काम पाहत होते. नवीन मुलींची बॅच आली की हात धुण्यावर भाषण द्यायचं असा रिवाज होता. भाषणाचा उपयोग शून्य. मुली माना डोलवायच्या आणि वॉर्डात जाऊन नळाला नुसतं बोट लावून यायच्या. मग मी घरून हळदीची पुडी न्यायला लागले. ट्रेनिंग रूममध्ये डमीची कॉट असायची. तिच्या दांडीला, सलाईन स्टँडला आणि फाइलच्या पुठ्ठ्याला चिमूट चिमूट हळद चोळून ठेवायची. मुलींना सांगायचं, या पेशंटला स्पंज द्या, बीपी घ्या, चादर बदला, नोंदी करा. वीस मिनिटांनी सगळ्यांना खिडकीशी उजेडात उभं करायचं.

पांढऱ्या कपड्यावर हळद लपत नाही. बहुतेकींना आधी हातच पिवळे दिसायचे. मग खिशाचं तोंड, कारण पेन आणि मोबाइल तिथून सतरा वेळा आतबाहेर झालेला असायचा. मग पोटावर एक आडवा पट्टा, बरोबर कॉटच्या दांडीच्या उंचीवर, कारण चादर खोचताना आपण सगळ्याजणी दांडीला टेकतो. पूर्ण बाह्यांचा स्वेटर घातलेली एखादी असली तर तिच्या मनगटाची कड. पाठ, खांदे जवळपास स्वच्छ.

यानंतर मी त्यांना साबणाने हात धुवायला लावायचे. साबण लागला की हळद लाल होते, हे आपल्याकडे पोरीबाळींनाही ठाऊक असतं. हात धुऊन आल्या की पंजे स्वच्छ, बोटं स्वच्छ. एकदा एका मुलीच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. तिला म्हटलं, जरा वर सरकव. बांगड्यांखाली मनगटाभोवती लालसर कडं उमटलं होतं, आणि बांगड्यांच्या मधल्या फटींतून तोच लाल ओघळ येत होता. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी हात मोकळे ठेवून आली. मला त्या दिवशी भाषण करावं लागलं नाही.

तुझ्या इन्चार्ज सिस्टरांचं म्हणणं हे आहे. त्यांना तुझ्या सौभाग्याशी भांडण नाही. साबणपाण्याने हात धुवायला ४० ते ६० सेकंद आणि सॅनिटायझरने चोळायला २० ते ३० सेकंद, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या वेळात मनगटापर्यंत हात चोळता आला पाहिजे. बांगड्यांनी तो चोळता येत नाही. अंगठीचंही तेच, अंगठीखालच्या कातडीवर जंतू जास्त सापडतात. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेने २००७ मध्ये नियमच केला, पेशंटला हात लावताना कोपराखाली काही नको: लांब बाही नको, घड्याळ नको, दागिना नको. एक साधी लग्नाची अंगठी मात्र त्यांनी चालवून घेतली. तिथेही सासवा असणार.

बाहीवरून आठवलं. १९९१ साली तिकडच्याच एका अभ्यासात डॉक्टरांचे पांढरे कोट तपासले, तेव्हा सगळ्यात जास्त जंतू निघाले ते बाह्यांच्या टोकांवर आणि खिशांवर. माझ्या हळदीसारखंच. पण आपल्याकडे बांगड्यांवरून बोलणी बसतात ती सिस्टरांना आणि मावशींना. राऊंडला येणाऱ्या सरांच्या कोटाची बाही एका पेशंटच्या पोटावरून दुसऱ्याच्या पोटावर जाते, तिच्याबद्दल कोण बोलणार? असो. तुझ्या पत्रात ते नाही, पण माझ्या मनात तीस वर्षं आहे.

आता युनिफॉर्मकडे येते. सासूबाईंची भीती पोकळ नाही, हे आधी मान्य करू. कापडावर जंतू टिकतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात हॉस्पिटलमधल्या वेगवेगळ्या कापडांवर आणि प्लास्टिकवर काही नेहमीचे जंतू टाकून पाहिले; सगळे किमान एक दिवस तगले आणि काही तर ९० दिवसांहून जास्त. पण कापडावर जिवंत असणं वेगळं आणि तिथून उठून कोणाला आजारी पाडणं वेगळं. मधे कोणीतरी हात लावावा लागतो, तो हात डोळ्याला, नाकाला, तोंडाला किंवा जखमेला जावा लागतो. नर्सच्या युनिफॉर्ममुळे घरात आजार आला याचा पुरावा फार तोकडा आहे. म्हणून युनिफॉर्म बदलायचा, धुवायचा, पण त्याला भुतासारखं घाबरायचं नाही.

आणि टीबी कपड्यावरून येत नाही. हे आईंना दोनदा वाचून दाखव. टीबी हवेतून पसरतो: फुप्फुसाचा टीबी झालेला माणूस खोकतो, बोलतो, तेव्हा सूक्ष्म कण हवेत राहतात आणि ते श्वासावाटे आत जातात. कपडे, चादर, ताटवाटी यांच्यातून तो लागत नाही. त्यापासून तुला वाचवणार आहे तो वॉर्डातला नीट बसलेला एन-९५ मास्क आणि उघड्या खिडक्या. घरी येऊन डोक्यावरून ओतलेल्या पाण्याचा त्याच्याशी संबंध नाही. तुला स्वतःला दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला, वजन उतरलं, संध्याकाळी ताप यायला लागला तर मात्र अंगावर काढू नकोस, थुंकी तपासून घे.

मग घरी आल्यावर काय करायचं? चपला दाराबाहेर. आल्या आल्या बेसिनशी जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात, मग तोंड. खोलीत जाऊन युनिफॉर्म उतरवायचा आणि न झटकता आतली बाजू बाहेर करून पिशवीत टाकायचा. जुन्या सुती चादरीची एक पिशवी शिवून घे, नाडीची. तीही युनिफॉर्मबरोबर धुतली जाते. घरचा गाऊन घातला, परत एकदा हात धुतले, की बाळ घे. दहा मिनिटांचं काम. अंघोळ हवी तर कर, दिवसभर उभं राहिल्यावर बरं वाटतं. पण डोक्यावरून नाही, आणि बाळाला दुधासाठी ताटकळत ठेवून तर मुळीच नाही.

अंगावर रक्त, उलटी, पू असं काही उडालं, जुलाबाच्या पेशंटचं सगळं करताना कपडे भरले, किंवा खरजेच्या पेशंटला उचलून धरावं लागलं, तर मात्र तो युनिफॉर्म घरापर्यंत येताच कामा नये. तिथेच बदलायचा आणि हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत द्यायचा. जुलाबाच्या पेशंटनंतर सॅनिटायझरवर भागवू नकोस. त्यातल्या काही जंतूंवर अल्कोहोलचा उपयोग होत नाही, साबण-पाणीच लागतं.

तुझ्या पत्रात मोबाइलचा उल्लेखच नाही, म्हणजे तो घरात बिनदिक्कत फिरतोय. माझ्या हळदीच्या खेळात मोबाइलची पाठ दरवेळी पिवळी निघायची. ११ महिन्यांचं मूल आईच्या हातातलं सगळ्यात आधी काय ओढतं आणि कुठे घालतं, हे मी तुला सांगायला नको. घरात शिरण्याआधी ७० टक्के अल्कोहोलच्या ओल्या कापसाने, फोन बंद करून, तो पुसून घे. शक्य असेल तर वॉर्डात खिशात ठेवूच नकोस.

आणि ती बादली. पत्रातली मला सगळ्यात भीती वाटली ती गोष्ट हीच. रांगणारं, धरून उभं राहणारं मूल घरात आणि बाल्कनीत रात्रभर भरलेली बादली! डोकं जड असतं गं या वयात. वाकून पाहताना मूल उलटं पडतं आणि त्याला परत वर येता येत नाही. वीतभर पाणीही पुरतं. वर त्यात अँटिसेप्टिक. युनिफॉर्मवरचे सगळे जंतू एकत्र केले तरी त्यांच्यापेक्षा ही बादली घातक आहे. आज संध्याकाळपासून बंद. बाटलीही उंच फळीवर, कुलपात असली तर आणखी बरं.

रात्रभर भिजवून काही मिळतही नाही. अँटिसेप्टिकचा वास घरभर सुटला की आपल्याला वाटतं जंतू मेले, पण वास हे काही मोजमाप नाही. कपड्यातले जंतू जातात ते पावडर, चोळणं, भरपूर पाणी आणि उष्णता यांनी. ६० अंशांच्या पाण्यात १० मिनिटं धुतलं तर जवळपास सगळे जंतू जातात. मशिनला हीटर असेल तर ६० अंशांचा प्रोग्रॅम लाव, कपडे कोंबून भरू नकोस, युनिफॉर्मबरोबर बाळाची लंगोटं घालू नकोस. टॉप लोड मशिनला बहुधा हीटर नसतो. मग गिझरचं किंवा सोलरचं कढत पाणी बादलीत घे, पावडर टाक, युनिफॉर्म बुडवून काठीने ढवळ. हात घालू नकोस, भाजेल. तेवढा वेळ बाथरूमचं दार बाहेरून लावलेलं असू दे. रक्ताचा डाग असेल तर हातमोजा घालून आधी गार पाण्याने काढ. गरम पाण्यात रक्ताचा डाग बसतो तो बसतोच.

गरम पाणी नसेल त्या दिवशी, आणि युनिफॉर्म पांढरा सुती असेल तरच, ब्लीच चालेल. बाटलीवर ५ टक्के हायपोक्लोराइट लिहिलेलं असेल तर १० लिटर पाण्याला १०० मिली. साबणाने धुतलेला कपडा त्यात अर्धा तास ठेवायचा आणि साध्या पाण्यातून खळबळून काढायचा. ही बादलीही अर्ध्या तासापुरतीच, दाराआड. ब्लीच आणि संडास धुवायचं अ‍ॅसिड एकत्र कधी करायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये जीव गुदमरतो.

नाशिकच्या पावसाळ्यात खरी अडचण वाळवण्याची. दोनच युनिफॉर्म म्हणजे एक अंगावर आणि दुसरा दोरीवर, आणि जुलै-ऑगस्टमध्ये दोरीवरचा तिसऱ्या दिवशीही दमटच. तसा ओलसर युनिफॉर्म घडी करून पिशवीत भरू नकोस. पंख्याखाली टाक आणि सकाळी कडक इस्त्री फिरव, शिवणी आणि खिशाच्या कडा पूर्ण कोरड्या होईपर्यंत. इस्त्रीची उष्णता इथे औषधासारखी उपयोगी पडते. बिल्डिंगखालच्या इस्त्रीवाल्याकडे देत असशील तर धुतलेलाच दे.

पण हे सगळं मी तुला सांगतेय याचीच मला चीड आहे. वॉर्डात भरलेला कपडा धुण्याची जबाबदारी सिडकोतल्या एका बाल्कनीवर का? रिसेप्शनला ग्रॅनाइट बसवायला पैसे निघतात आणि पडद्याआड चार हुक ठोकून बायकांना कपडे बदलायला कोपरा काढता येत नाही? मी एका ठिकाणी होते तिथे आम्ही सामानाच्या खोलीत, सलाईनच्या खोक्यांमागे, एकीने दार धरून कपडे बदलायचो. सहा महिने अर्ज केले. खोली नाही मिळाली, पण पडदा मिळाला. पडदाही पुरतो.

तूही अर्ज कर, एकटीने नको. चार-पाच जणींच्या सह्या घे आणि मेट्रनमार्फत संसर्ग नियंत्रण समितीला दे. केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये संसर्ग प्रतिबंधाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, त्यात अशी समिती अपेक्षित आहे. अर्जात रडगाणं नको, मागण्या नेमक्या लिही: बदलायला आडोसा आणि लॉकर, प्रत्येकीला तिसरा युनिफॉर्म, रक्त किंवा शौचाने भरलेला युनिफॉर्म हॉस्पिटलच्याच लॉन्ड्रीत, आणि स्पंज, बेडपॅन, मोठं ड्रेसिंग यांसाठी वॉर्डात प्लास्टिकचे एप्रन. एप्रनचा आग्रह सोडू नका. पोटावरचा तो पिवळा पट्टा आठव. एप्रन नेमका तिथे येतो. दर पेशंटनंतर मात्र तो काढून टाकायचा, नाहीतर युनिफॉर्मच्या जागी एप्रन फिरेल, एवढंच. तिसरा युनिफॉर्म मिळालाच तर अर्ध्या बाहीचा माग, आणि टेरिकॉटपेक्षा सुती. सुती कापड कढत पाणी आणि कडक इस्त्री सोसतं.

बसमधल्या लोकांचं मनावर घेऊ नकोस. तुझ्या शेजारी बसून कोणाला काही होत नाही. आडोसा मिळेपर्यंत युनिफॉर्मवर एक सैल सुती कुर्ता चढव, तो रोज धुता येतो. भाजी घ्यायला मात्र युनिफॉर्मवर उतरू नकोस. दुसऱ्या दिवशी तोच अंगावर असला तर रस्त्याची धूळ वॉर्डात जाते, आणि तिथे सुईच्या, सलाईनच्या, टाक्यांच्या उघड्या जागा घेऊन माणसं पडलेली असतात. घरच्यांपेक्षा त्यांना जपायला हवं.

राहिल्या बांगड्या. काचेच्या भरलेल्या बांगड्या रोज काढायच्या-घालायच्या म्हणजे फुटणार आणि हातही कापणार. कासाराकडे जाऊन हातातून सहज निघतील अशा मापाच्या घे, किंवा एखादी पाटली असेल तर ती. ड्युटीला जाताना देवघरात वाटीत काढून ठेवायच्या, घरी येऊन हात धुतले, बाळाला पाजलं, की घालायच्या. मंगळसूत्र आखूड करून युनिफॉर्मच्या गळ्याआत, पिन लावून. ते पेशंटच्या अंगावर लोंबकळलं नाही म्हणजे झालं.

आईंना बांगड्यांचं मात्र तू सांगू नकोस, मिस्टरांनाही मधे घालू नकोस. सुनेने नियम सांगितला की तो उलट उत्तर होतो. रविवारी दुपारी, बाळ झोपल्यावर, त्यांच्यासमोर बस. स्वतःच्या हाताला बांगड्यांसकट चिमूटभर हळद चोळ, त्यांच्या देखत साबणाने स्वच्छ हात धू आणि त्यांनाच म्हण, आई, जरा बांगड्या वर करून बघता का?